मागे दुसरी शे

लोटननानांच्या बसमध्ये ड्रायव्हरच्या सीटमागे एक आडवी दांडी होती. ती धरून उभं राहिलं की पुढची काच, उजवीकडचा मोठा आरसा आणि नानांची मान एकदम दिसायची. बसायला जागा असली तरी मी तिथेच उभी राहायचे. पुढच्या दारातून लवकर उतरता यायचं आणि शाळेच्या मस्टरवर माझ्या सहीपुढे लाल रेघ ओढायची वेळ कोणावर यायची नाही. त्या जागेवरून मी नानांना काही वर्षं पाहिलं. म्हणून त्यांचा चेहरा मला आठवतो तो आरशातलाच. मान समोर, डोळे वर आणि उजवीकडे, मागे कोण राहिलंय ते शोधणारे.

आधी जागा सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. आमची कॉलनी जळगावातून जाणाऱ्या हायवेच्या पलीकडे आहे. प्लॉट स्वस्त मिळत होते तेव्हा सगळ्यांनी घेतले, मधल्या रस्त्याचा विचार कोणी केला नाही. गावात जाणारी बस थांबते ती समोरच्या बाजूला. बस पकडायची तर आधी गावाबाहेर जाणारा रस्ता ओलांडायचा, मग दुभाजकाच्या फटीतून निघायचं, मग गावाकडे येणारा रस्ता. स्टॉपवर पत्र्याची शेड नाही, झाड नाही, टेकायला कठडा नाही. एप्रिल-मेमध्ये तिथे उभं राहिलं तर चपलेचा तळ चिकटतो. त्यामुळे तिथे कोणी उभंच राहायचं नाही. माणसं आपापल्या ओट्यावर, पिठाच्या गिरणीच्या सावलीत किंवा कोपऱ्यावरच्या कडुनिंबाखाली थांबायची आणि नानांच्या हॉर्नकडे कान लावायची.

नानांचे हॉर्न दोन प्रकारचे. पेट्रोल पंपाच्या वळणावर एक लांब, त्याचा अर्थ ‘आलो’. स्टॉपला गाडी लागली की दोन बारीक, त्याचा अर्थ ‘थांबलोय, या’. हे कोणी ठरवलेलं नव्हतं, पण कॉलनीतल्या लहान पोरांनाही ठाऊक होतं. दोन बारीक वाजले की घराघरातून माणसं पळत सुटायची. कोणाच्या हातात डबा, कोणाच्या दातात केसांची पिन, कोणी शर्टाची बटणं लावत, आणि प्रत्येकाचा एक हात वर. तो वर केलेला हात फार महत्त्वाचा. हात वर केला की बस आपली, आणि बस आपली म्हणजे मधला रस्ताही आपलाच, अशी काहीतरी समजूत सगळ्यांची होती.

आणि नाना थांबायचे. इंजिन चालू ठेवून, आरशात बघत, शेवटचं माणूस चढेपर्यंत.

ते पिंपळनेरकडचे. अंगाने सडपातळ, मिशी पांढरी, मानेवर ओला पंचा. साहेब लोकांशी बोलताना भाषा सांभाळून बोलायचे, बाकी सगळी अहिराणी; ‘बठ्ठं’ म्हणजे सगळं, ‘पयनं’ म्हणजे पळणं, ‘शे’ म्हणजे आहे, हे गाडीतल्या सगळ्यांना पाठ होतं. गाडीतली कॉलेजची पोरं त्यांची नक्कल करायची. ते चिडायचे नाहीत. “करा, करा,” म्हणायचे, “नक्कल करता करता तरी शिकशात.” कंडक्टर शबाना होती. जुन्या गावातल्या एका शिंप्याची मुलगी, तोंडाने तिखट, कामाला चोख. दोघांचं दिवसभर चालू असायचं.

“नाना, बेल दिली मी. दोनदा दिली.”

“ऐकू येस माले.”

“मग?”

“मंगला राहीगे.”

“मंगलाअक्का अजून पोळ्या लाटत असतील.”

“लाटू दे. बठ्ठ्या पोरेसले जेवू घालस ती. आपण जरासं थांबनूत ते काय बिघडनं?”

मंगलाअक्का कॉलेजजवळच्या एका खानावळीत सकाळी आणि पुन्हा दुपारी, दोन वेळच्या स्वयंपाकाला जायची. घरचं सगळं उरकून, सासूचं पथ्याचं करून, उन्हाळ्यात वर गच्चीवर बिबड्या वाळत घालून ती निघायची, म्हणून रोज शेवटची. धापा टाकत चढली की आधी नानांना म्हणायची, “झाला ना उशीर माझ्यामुळे?” आणि नाना म्हणायचे, “नही, गाडी गरम करी राहिंतू.” गाडी गरम करायची गरज जळगावात कधी पडत नाही, यावर गाडीतले रोज हसायचे.

नानांच्या सीटखाली एक गोणपाटाची पिशवी असायची. तिच्यात सुट्या चपला. पळताना पायातून सुटलेल्या. माणूस एका पायाने अनवाणी तसाच चढायचा, चप्पल रस्त्याच्या मधोमध राहायची आणि तिच्यावरून चाकं जायची. परतीच्या खेपेला नाना गाडी बाजूला घ्यायचे, शबाना उतरून चप्पल उचलायची. दुसऱ्या दिवशी मालक ओळख पटवून घेऊन जायचा. “नाना, दुकान टाका चपलांचं,” असं कोणीतरी दर आठवड्याला म्हणायचं. “एका पायनं दुकान कोण चालाडी?” हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

एकदा त्या रस्त्याच्या मधोमध एक चप्पल मिळाली, निळ्या पट्ट्याची, बाईमाणसाची. कोणीच ओळख पटवेना. नानांनी ती पिशवीत टाकली नाही, पुढच्या काचेपाशी ठेवली. चढणाऱ्या प्रत्येकीला विचारलं. गिरणीवाल्याला विचारलं, पंपावरच्या पोरांना विचारलं. “कोणी परगावची असेल हो नाना, जीपमधून पडली असेल,” शबाना म्हणाली. नाना म्हणाले, “असी.” पण त्यांनी चप्पल हलवली नाही. उन्हाने तिचा निळा रंग उडेपर्यंत ती तिथे होती. कोणाची, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

त्यानंतर सुपडूआबांचं झालं. आबा म्हणजे आमच्या गल्लीतले निवृत्त तलाठी, ऐकायला कमी येणारे, रोज गावातल्या वाचनालयात जाऊन पेपर वाचणारे. नानांनी दोन बारीक दिले, आबा काठी घेऊन निघाले. हात वर. तेवढ्यात गावाबाहेर जाणारा एक डंपर आला. त्याने ब्रेक मारले ते मी दांडीपाशी उभी राहून ऐकले. डंपर घसरत आडवा झाला आणि आबांच्या धोतराच्या जवळ येऊन थांबला. ड्रायव्हर खिडकीतून ओरडत होता. आबांना काही पत्ताच नव्हता. ते दुभाजक ओलांडून आले, पायरी चढले आणि म्हणाले, “लोटन, आज टायमावर आलास बरं का.”

गाडी हसली. खरंच सगळी गाडी हसली. मला हसू आलं नाही, कारण मी आरशात नानांना पाहत होते. त्यांनी गिअर टाकला आणि पुन्हा काढला. खाली उतरले, बाटलीतलं पाणी डोळ्यांवर मारलं, बराच वेळ मारलं. मग येऊन गाडी सुरू केली.

त्या दिवशी शेवटच्या स्टॉपवर सगळे उतरले. मीही उतरत होते, तर ते म्हणाले, “ताई, जरा थांबा. आबांनी काय देखं?”

“काय पाहणार? काहीच नाही.”

“नही. गाडी देखी. फक्त गाडी. मी आरसामा रोज देखस. माणूस पयस तव्हय त्याले गाडीशिवाय काहीच दिसत नही. आणि बलावस कोण त्याले? मीच. हॉर्न दाबीसन.” ते थोडा वेळ स्टिअरिंगवर नख घासत राहिले. “एक दिवस मन्हा हॉर्नवर कोणी तरी मरी जाई.”

“मग नका वाजवू.”

“मग ती मागे राहतीन. दुसरी गाडी अर्धा तासनी. असा ऊनमा कोठे उभी राहतीन ती?”

यावरचं उत्तरही त्यांच्याकडेच होतं. त्यांनी ते बरेच दिवस मनात घोळवलं असावं. माणूस बस आली म्हणून पळत नाही, ते म्हणाले, पुढची येणार नाही म्हणून पळतो. मागे लगेच दुसरी आहे हे त्याला पक्कं माहीत असलं, तर तो दोन्हीकडे बघेल, चालत येईल, ही गेली तर गेली म्हणेल. “पंधरा मिनिटनी गाडी करा, बठ्ठं पयनं बंद व्हई जाई. तुम्ही बठ्ठा कामेसन्या याद्या करतस ना ताई? मग हाई बी एक काम मांडा.”

कॉलनीतल्या नळ-दिव्यांचे अर्ज मीच लिहायचे, म्हणून लगेच कामाला लागले. अर्ज लिहिला, कॉलनीत सह्या घेतल्या, कोणाकोणाला बरोबर न्यायचं ते ठरवलं. शहर बसचा ठेका एका खाजगी माणसाकडे होता, त्याच्या मॅनेजरची वेळ घेतली. शबाना मात्र नानांवर उखडली होती.

“सगळे ड्रायव्हर खेपा कमी करा म्हणतात, आणि आमचे नाना वाढवून मागतात. डोकं ठिकाणावर आहे का? खेपा वाढल्या की घाम कोणाचा? आपलाच.”

“घाम पुसता येस, शबाना,” नाना म्हणाले.

मॅनेजर तरुण होता, नीट इस्त्रीचा शर्ट, पाणी विचारणारा. त्याने अर्ज वाचला आणि लगेच मान डोलावली. दर पंधरा मिनिटांनी, पुढच्या महिन्यापासून. आमच्यातले सगळे खूश. इतक्या चटकन ‘हो’ आलं की मी कागद पुन्हा वाचते. म्हणून विचारलं, “गाड्या नवीन येणार का? ड्रायव्हर?”

“मॅडम, गाड्या आहेत आपल्याकडे. वेळ वाया जात होता, तो आम्ही वाचवला.”

वाया जाणारा वेळ म्हणजे काय, ते नवीन वेळापत्रक हातात आल्यावर कळलं. दोन्ही टोकांना गाडी थांबायची, ड्रायव्हर-कंडक्टर चहा घ्यायचे, तोंड धुवायचे, भाकरी खायचे, तो वेळ. नानांना मी ते दाखवलं. त्यांनी दूर धरून वाचलं. “गाडी तीच, माणूस तोच,” ते म्हणाले, “मग टाइम वना कोठून?” आणि कागद मला परत दिला. नको मात्र म्हणाले नाहीत.

पहिल्या दिवशी गाडीला हार घातला, आबांनी नारळ फोडला, कोणीतरी पेढे वाटले. त्या आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी नाना पॅन्ट-शर्ट घालून कॉलनीत आले आणि घरोघर फिरले. मी बरोबर होते. दाराशी उभे राहून, आत न येता, प्रत्येक घरी एकच सांगत होते. “आते पयू नका. ही गई ते जाऊ द्या. मागे दुसरी शे.”

“नक्की ना नाना?” मंगलाअक्काने विचारलं.

“नक्की.”

“बघा हं. मी तुमच्या नावावर चालत येईन.”

काही दिवस खरंच तसं झालं. ते दिवस मला चांगले आठवतात, कारण ते थोडेच होते. दोन बारीक वाजले तरी माणसं रस्त्याच्या कडेला थांबायची, दोन्हीकडे बघायची, मग यायची. मंगलाअक्का तर एकदा मुद्दाम दुभाजकाशी उभी राहिली, नानांची गाडी हाताने ‘जा जा’ केली, आणि मागची येते का ते बघितलं. आली. संध्याकाळी तिने ती गोष्ट गल्लीत लग्नाचं वर्णन करावं तशी सांगितली. नाना गाडी चालवताना गुणगुणायला लागले होते. चपलांची पिशवी सीटखाली होती, पण रिकामी.

मग एका दुपारी मागची आली नाही. कुठेतरी पट्टा तुटला होता म्हणे. तिच्यामागची आली ती दारापर्यंत भरून, थांबलीच नाही. मंगलाअक्का आणि आणखी दोघी त्या उन्हात, उघड्या हायवेवर, पदर डोक्यावर धरून उभ्या होत्या. संध्याकाळच्या जेवणाची कणीक मळायची वेळ टळून गेल्यावर ती खानावळीत पोचली. मालक म्हणाला, पुन्हा असं झालं तर मला दुसरी बाई बघावी लागेल.

दुसऱ्या दिवशी कॉलनी पुन्हा पळाली. एकदा आली नाही, एवढं पुरलं. वेळापत्रकावर विश्वास बसायला आपल्याकडे फार दिवस लागतात आणि उडायला एक दुपार. पुढे तर तसं वारंवार व्हायला लागलं. एक गाडी कायमची वर्कशॉपला गेली, दुसरीचे टायर गुळगुळीत झाले म्हणून ती उभी केली. स्टॉपवर लावलेल्या पाटीवर मात्र पंधरा मिनिटंच होती.

त्या उन्हातल्या दुपारनंतरच्या सकाळी मंगलाअक्का नेहमीचं ‘झाला ना उशीर’ न विचारता चढली. नाना मात्र बोलले, आरशातून, तिच्याकडे बघत. “चुकनं मन्हं. मी सांगाले नको व्हतं.”

“तुम्ही काय कराल नाना,” ती म्हणाली. “तुम्ही फक्त थांबत जा.”

आणि नाना पुन्हा थांबायला लागले. पूर्वीसारखेच, शेवटच्या माणसापर्यंत. पण पूर्वी थांबून गेलेला वेळ टोकाला भरून निघायचा. आता टोकाला वेळच नव्हता. मग तो भरून काढायचा कुठे? रस्त्यावर. हे कोणी बोलून दाखवलं नाही. मला ते हातांवरून कळलं. आधी मी ती दांडी एका हाताने धरायचे, आता दोन्ही हातांनी धरायला लागले. चौकातला दिवा पिवळा झाला की नाना पूर्वी पाय काढायचे, आता दाबायचे. भाकरी सीटवरच, एका हाताने, चटणीचा डबा मांडीवर ठेवून. डोळ्यांवर पाणी मारणं बंद झालं. शबानाने चेष्टा करणं बंद केलं. ती मागच्या दारात उभी राहून बेल द्यायची आणि वळणावर डोळे मिटून घ्यायची. तिची पाठ माझ्याकडे असायची, तरी मला ते कळायचं.

गाडीतल्या कोणाला यात काही वावगं वाटत नव्हतं. उलट कौतुक होतं. “नाना थांबतात पण, आणि टायमात पोचवतात पण,” आबा सगळ्यांना सांगायचे. “असा ड्रायव्हर मिळणार नाही.”

मी एकदा त्यांना गाठलं. म्हटलं, “नाना, काहीतरी एक सोडा. थांबणं सोडा, नाहीतर टाइम सोडा.”

“टाइम सोडा ते शबानाले बी नोटीस येस. थांबनं सोडं ते मंगलानं काम जास.”

“आणि असंच चालवलं तर?”

त्यांनी आरशात पाहिलं. आरशात तेव्हा कोणी नव्हतं. म्हणाले, “तुम्ही मन्हा मागे उभ्या राहतस ना ताई? उभ्या राहत जा. तुमले दोन्हीकडलं दिसस.”

मधे त्यांनी हॉर्न बंद करून पाहिला होता. चार दिवससुद्धा टिकलं नाही. हॉर्न नाही म्हणून माणसं घरात बसून राहायची, आणि गाडी दिसली की अजूनच उशिरा, अजूनच जोरात पळत यायची. “नाना, हॉर्न बिघडला का? आज वेळेवर कळलंच नाही,” असं चढता चढता सांगायची. त्यांनी पुन्हा वाजवायला सुरुवात केली. पण आता दोन बारीक वाजवले की त्यांचा हात लगेच हॉर्नवरून निघायचा आणि पंच्याला पुसला जायचा.

केळी काढणीचे दिवस होते. रावेर-यावलकडून भरून आलेले ट्रक दिल्लीकडे जायचे नाहीत तर मुंबईच्या वाटेला लागायचे. माल पिकायच्या आत पोचवायचा, त्यामुळे ते कोणासाठी थांबत नाहीत. त्या सकाळी आमच्या कॉलनीच्या बाजूला, रस्त्याच्या अगदी कडेला, एक पाण्याचा टँकर उभा होता. तिथे कोणाचं तरी बांधकाम चाललं होतं. नानांनी पंपाशी एक लांब दिला, स्टॉपला गाडी लावली, दोन बारीक दिले. नेहमीची माणसं आली. शबानाने बेल दिली. नाना थांबले. कोणासाठी, ते विचारायची गरज नव्हती.

मला आधी पुढच्या काचेतून ट्रक दिसला. गावाकडून येणारा, आमच्या समोरून, पलीकडच्या लेनमध्ये, चांगला वेगात. मग आरशात मंगलाअक्का दिसली. टँकरच्या मागच्या बाजूला, गल्लीतून पळत येताना, हात वर, डोळे आमच्या बसवर. टँकरमुळे तिला ट्रक दिसत नव्हता. ट्रकवाल्याला ती दिसत नव्हती. दोघं एकाच वेळी दिसत होते ते फक्त नानांच्या जागेवरून आणि माझ्या.

नानांचा हात हॉर्नवर गेला. मी तो जाताना पाहिला. आणि तो तिथेच, हॉर्नच्या वर, हवेत थांबला. कारण त्यांचा हॉर्न ऐकून मंगलाअक्का काय करणार होती? ती अजून जोरात पळाली असती. इतकी वर्षं त्यांनी तेच शिकवलं होतं.

हात खाली गेला, गिअरवर. गाडीने हिसका दिला आणि नाना निघाले. दार उघडं, शबाना पायरीवर, आणि गाडी सरळ निघाली.

“अहो नाना, मंगला!” मागून तीन-चार आवाज एकदम आले. “नाना, अक्का राहिली! दिसत नाही का?”

मी आरशातच बघत होते. मंगलाअक्का टँकरच्या चाकाशी आली, बस जाताना बघितली आणि खाडकन थांबली. हात अजून वर होता, पण आता तो बोलावणारा नव्हता, शिव्या देणारा होता. तिच्या पुढून, पदर उडवत, केळीचा ट्रक गेला. मग ती पुन्हा दिसली. तिथेच. दोन्ही पायांवर.

गाडीत कल्लोळ होता. ज्यांना उजवीकडची खिडकी होती त्यांनीही ट्रक पाहिला होता, पण त्या रस्त्यावर ट्रक जाणं म्हणजे पाहण्यासारखं काही नाही. “माज आला याला,” कोणीतरी म्हणालं. आबा म्हणाले, “लोटन, हे बरं नाही केलंस. गरीब बाई आहे ती.” पुढच्या चौकात दिवा पिवळा झाला तेव्हा नानांनी पाय काढला आणि गाडी थांबवली. बऱ्याच दिवसांनी ती तिथे थांबली होती.

शेवटच्या स्टॉपवर सगळे पुटपुटत उतरले. मी, नाना आणि शबाना राहिलो. शबाना पुढे आली. गाडी सुटली तेव्हा ती पायरीवरच होती.

“का सोडलं तिला नाना? तुम्ही? तिला?”

नानांनी तिच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. “ताई, उभी शे ना ती?”

“उभी आहे,” मी म्हटलं. “मी पाहिलं.”

त्यांनी मान हलवली आणि कपाळ स्टिअरिंगवर टेकलं. मी शबानाला टँकर आणि ट्रक, सगळं सांगितलं.

मंगलाअक्का मागच्या गाडीने गावात आली. त्या दिवशी नेमकी मागची आली. ती खानावळीत गेली, बोलणी खाल्ली, आणि दुपारी सरळ मॅनेजरकडे जाऊन तक्रार नोंदवून आली की ड्रायव्हरने ओळखीच्या प्रवाशाला बघून मुद्दाम गाडी सोडली. खानावळवाल्याने तिला ठेवलं, त्याला दुसरी बाई मिळाली नव्हती. संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. सगळं नीट, क्रमाने सांगितलं. टँकर कुठे होता, ट्रक कुठून येत होता, ती कुठे होती. तिने ऐकून घेतलं. लसूण सोलत होती, ती सोलतच राहिली.

“ट्रक रोज असतात, ताई,” ती म्हणाली. “आणि नाना रोज थांबतात.”

मी उठून आले. दुसऱ्या दिवशी मॅनेजरलाही जाऊन सांगितलं. तो म्हणाला, “मॅडम, तुम्ही म्हणताय तर असेल. पण ते स्वतःच काही बोलत नाहीत.” नानांना त्याने काढलं नव्हतं. दोन-चार दिवस दुसऱ्या मार्गावर टाकतो म्हणाला होता. नानांनी टेबलावर चावी ठेवली आणि परत घेतली नाही. शबानाने समजावलं, रडलीसुद्धा. ते तिला एवढंच म्हणाले, “माले आते आरसामा देखवत नही, बेटा.”

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. चावी ठेवली त्याच दिवशी, शाळा सुटल्यावर घरी येताना. आमच्या गाडीवर नवा पोरगा होता ड्रायव्हर. डेपोच्या पुढे हायवेला कामामुळे कोंडी होती, गाडी उभी होती. मी दांडीला धरून उभी होते. डावीकडे रस्त्याच्या कडेला नाना दिसले. खांद्याला पिशवी, हातात जेवणाचा डबा, ड्रेसचा शर्ट नाही, साधा चट्ट्यापट्ट्यांचा. त्यांना पलीकडे जायचं असणार, धुळ्याकडच्या गाड्या त्या बाजूला थांबतात आणि धुळ्याहून पुढे पिंपळनेर. आमच्या बाजूची वाहनं तर उभीच होती, त्यांच्यामधून दुभाजकापर्यंत जायला काही अडचण नव्हती. पलीकडच्या लेनमध्ये वाहनं येत होती, पण मधे मधे चांगली मोकळी जागा पडत होती. दोन कॉलेजच्या मुली त्यांच्या शेजारून गेल्या, बोलत बोलत पलीकडे पोचल्या. एक म्हातारा सायकल ढकलत गेला. नाना डावीकडे बघायचे, उजवीकडे बघायचे, पुन्हा डावीकडे बघायचे. पाय उचलायचे नाहीत.

पलीकडे धुळ्याची गाडी येऊन लागली. तिच्या कंडक्टरने दारात उभं राहून इकडे तिकडे पाहिलं, नानांना पाहिलं, हाताने ‘या, या’ केलं. नानांनी डबा दुसऱ्या हातात घेतला. कंडक्टर थोडा वेळ थांबला, मग त्याने बेल दिली आणि गाडी गेली.

मी खिडकीतून हाक मारणार होते. तेवढ्यात पुढची कोंडी सुटली, नव्या पोराने गाडी दामटली आणि मला दोन्ही हातांनी दांडी धरावी लागली. वळणापर्यंत मी मागे बघत होते. रस्ता मोकळा पडला होता, आणि नाना अलीकडेच उभे होते.